चाळीस पोती ओलं मीठ

सोल्मे गावात गोम्सोवालीच्या रागाला कोणी भीत नसे. उलट ती भडकली की शेजारपाजारचे हातातली कामं टाकून कुंपणाशी येऊन उभे राहायचे. मिठागरावर वाढलेली बाई. तिच्या शिव्यांना खाऱ्या वाऱ्याची चव होती. एकदा टपालवाल्यानं तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरून मोटरसायकल नेली. तेव्हा ती अंगणातून ओरडली होती, "अरे ओहोटीत अडकलेल्या खेकड्या! आठ पाय दिले देवानं, तरी वाट सापडेना का तुला?" टपालवाल्याची पुढे बदली झाली, चार गावं फिरला तो, पण जाईल तिथे खेकडा हे नाव त्याच्या आधी पोचलेलं असायचं.

तर हा झाला तिचा रोजचा राग. मोकळा, खणखणीत, ऐकणाऱ्याची करमणूक करणारा. दुसरा राग निराळा. त्यात ती गप्प व्हायची. ओठ मिटून घ्यायची आणि कामाला लागायची, ती इतकी नीटनेटकी की बघणारा दोन पावलं मागे सरावा. तो राग गावानं दोनदाच पाहिला. ही गोष्ट दुसऱ्या वेळची आहे, पण पहिलीशिवाय ती कळायची नाही.

गोम्सोवाली हे काही तिचं नाव नव्हे. गोम्सो हे तिचं माहेर, म्हणून सासरी ती गोम्सोवाली. सोल्मेत सगळ्या बायका अशाच. सुन्छांगहून आलेली सुन्छांगवाली, नाम्वॉनहून आलेली नाम्वॉनवाली. कागदावरचं नाव ओळखपत्रावर छापलेलं तेवढं असतं. तिचं आडनाव प्यो, आणि कागदावरचं नाव होतं माल्ये. पाचवी मुलगी झाली तेव्हा 'आता ही शेवटची' अशा अर्थानं बापानं ठेवलेलं. असलं नाव कोण मिरवेल? पन्नास वर्षं ते पेटीत पडून होतं आणि तिला त्याची कधी आठवणही झाली नाही.

नको म्हणून नाव ठेवलेल्या त्या मुलीलाच बापानं हाताशी धरलं, हीही गंमतच. वाफ्यातलं मीठ फळीनं ओढायचं, टोपल्यांनी कोठारात नेऊन ओतायचं, हे ती आठव्या वर्षापासून करत होती. आणि चाखायचं. बाप तिच्या हातावर दोन खडे ठेवायचा. "जिभेच्या टोकावर सगळंच मीठ खारट लागतं," म्हणायचा. "गिळ, आणि थांब. मागून काय येतं ते सांग." नव्या मिठामागून कडू यायचं. ते कडू पाणी मिठाच्या पोटात असतं. पोती विटांवर रचून ठेवायची, खाली परात लावायची, की थेंबथेंब ते गळत राहतं. त्या पाण्यानं सोयाबीनच्या दुधाचा टोफू छान जमतो. माणसानं खाऊ नये. तीन उन्हाळे गेले की मीठ कोरडं होतं, मुठीत दाबून सोडलं तर तळव्याला चिकटत नाही, आणि चाखलं तर मागून किंचित गोड येतं. त्याच्या आत किमचीला, म्हणजे हिवाळ्यासाठी रांजणात मुरवायच्या तिखट कोबीला, ते लावायचं नाही. लावलं तर कोबी जानेवारीतच लिबलिबीत पडतो आणि शेवटच्या फोडीपर्यंत कडवट लागतो.

लग्नात बापानं तिला सात वर्षं मुरलेल्या मिठाची दोन पोती दिली. सासू साऱ्या गावाला सांगत फिरली, "लोकांच्या सुना रेशीम घेऊन येतात, आमच्या सुनेनं वाण्याचं दुकान आणलंय." त्या हिवाळ्यात सासूच्या रांजणातली किमची मार्चमध्ये मऊ पडली आणि सुनेची मे महिन्यापर्यंत दाताखाली करकरत होती. सासूनं एक फोड चाखली आणि झाकण लावून टाकलं. मात्र पुढच्या नोव्हेंबरात कोबी खारवायची वेळ आली, तशी कंबर धरून बसली आणि म्हणाली, "माझं अंग दुखतंय, तूच घाल." मरेपर्यंत दर नोव्हेंबरात तिचं अंग दुखत राहिलं.

नवरा लवकर गेला. दोन मुली शहरात नांदायला गेल्या. एकटीसाठी थोडकी किमची घालणं तिला कधी जमलंच नाही, हात मोठाच पडायचा. म्हणून शेजारच्या दोन एकट्या म्हाताऱ्यांना ती देऊ लागली. दोनाचे पाच झाले, पाचाचे बारा. मग महिला मंडळ आलं, मग सरकारी कचेरी आली, मग रबरी हातमोजे, एकसारखे गुलाबी एप्रन आणि कापडी फलक आले. आता त्रेचाळीस घरं होती. त्रेचाळीस एकटी माणसं, ज्यांच्या ताटात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत भाताशेजारी ती किमची असते आणि पुष्कळदा दुसरं काहीच नसतं.

आता पहिल्या वेळची गोष्ट. आठ वर्षांपूर्वी गोम्सोवालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नेमकी नोव्हेंबरातच ती दवाखान्यात अडकली. बायकांनी तिच्यावाचून किमची घातली. मीठ कुठून आणलं कोणी विचारलं नाही; मीठ ते मीठ. मार्चमध्ये काठी टेकत ती नाम्वॉनवाल्या म्हातारीकडे गेली. म्हातारी पंच्याऐंशीची, एका डोळ्यानं अधू. रांजणाचं झाकण उचललं तर किमची गळ्यापर्यंत भरलेली, वरची दोन-चार पानं तेवढी काढलेली.

"हे काय आजी? खाल्ली नाहीस?"

"खाल्ली की गं. छान झालीय."

गोम्सोवालीनं बोटानं एक तुकडा उचलून तोंडात टाकला. लिबलिबीत, आणि मागून कडू.

"मग एवढे दिवस भात कशाशी खाल्लास?"

म्हातारीनं रांजणावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाली, "सोया सॉस आहे ना. पोरींनो, तुम्ही एवढ्या थंडीत राबता, फुकट आणून देता. त्याला मी कोणत्या तोंडानं नाव ठेवू?"

गोम्सोवालीनं तो रांजण एकटीनं उपसला, धुतला, उन्हात पालथा घातला. घरी जाऊन आपल्या रांजणातली उरलेली किमची आणून भरली. तेवढा वेळ एक शब्द नाही. बायका म्हणतात, त्या दिवशी तिच्या वाटेला कुत्रंसुद्धा गेलं नाही. नाम्वॉनवाली पुढच्याच वर्षी वारली. तेव्हापासून कोबी खारवायचं काम गोम्सोवालीनं कोणाच्या हाती दिलं नाही, आणि दर वर्षी माहेरच्या कोठारातलं मुरलेलं मीठ आणून घरामागे विटांवर ठेवलं.

इतकं सगळं सांगून झाल्यावर आता थाक साहेबांचा ट्रक गावात येऊ द्यायला हरकत नाही.

थाक चोल-गू हा पलीकडच्या गावचा. रस्त्यांची कंत्राटं घेऊन पुढे आलेला, अठ्ठावन्न वर्षांचा गडी. पोटही पुढे आलेलं. अलीकडे त्याला दानाची हौस लागली होती. शाळेला घड्याळ दिलं, त्यावर नाव. बसथांब्याला बाक दिलं, त्याच्या पाठीवर नाव. म्हणजे बसलं की आपली पाठ त्याच्या नावाला. वसंतात शेतकरी सहकारी संस्थेची निवडणूक होती, हे वेगळं सांगायला नको. तर यंदा त्यानं किमचीसाठी चाळीस पोती मीठ दिलं होतं. सोमवारी ट्रक आला. त्याच्याही आधी गावच्या सभागृहावर फलक चढला होता. दहा हात लांब, पिवळाधमक: 'दानशूर थाक चोल-गू यांच्या प्रेमाचं मीठ'.

गोम्सोवालीनं पोत्याची शिवण उसवून मूठ भरली, दाबली, सोडली. अर्धं मीठ तळव्याला चिकटून राहिलं. दोन खडे तोंडात टाकून ती उभी राहिली. मग थुंकली.

"मेंग साहेब! अहो मेंग साहेब! इकडे या."

मेंग साहेब कचेरीतले कल्याण विभागाचे अधिकारी. उन्हाळ्यातच बदलून आलेले, काडीसारखे, सदा फोन कानाला. फोन तसाच छातीशी धरून आले.

"काय झालं आजी?"

"हे मीठ याच उन्हाळ्यातलं आहे. पाणी गळतंय अजून."

"मीठच आहे ना पण?"

"तुमच्या बायकोला विचारा मीठ आहे का."

"बायको किमची विकत आणते."

"म्हणून तर चेहरा असा झालाय तुमचा! साहेब, हे तीन वर्षं ठेवायचं असतं. आता वापरलं तर किमची नासेल."

मेंग साहेबांनी घड्याळ बघितलं. "आजी, बुधवारी अकराला सत्कार आहे. थाक साहेबांना मानपत्र आहे, तुम्हालाही आहे, तीस वर्षांच्या सेवेबद्दल. पत्रकार येणार आहेत. आता मी दात्याला फोन करून सांगू, की तुमचं दान तीन वर्षांनी वापरतो?"

"सांगा की. फोन तर हातातच आहे."

"कसं दिसेल ते?"

"आणि नासलेली किमची कशी दिसेल?"

"तेव्हा कोण बघायला जातंय आजी," मेंग साहेब वैतागून बोलून गेले. बिचाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण गोम्सोवालीच्या कानात ते वाक्य असं जाऊन बसलं, की तिनं हातातलं मीठ तिथेच खाली टाकलं.

संध्याकाळी सुन्छांगवाली तिच्याकडे आली. ती महिला मंडळाची अध्यक्ष, साठीची, केस कुरळे करून घेतलेली. साहेब दिसला की तिची मान आपोआप हलू लागे. पण बाई कामाला वाघ.

"वहिनी, ऐक माझं. तुझ्या घरामागे आठ पोती आहेत ना मुरलेली? ती वापरू. त्याची पोती फोटोला पुढे रचून ठेवू. तुझंही झालं, त्याचंही झालं."

"म्हणजे राबायचं माझ्या मिठानं आणि नाव त्याचं?"

"नाव हवंय कशाला तुला?"

"नाव नको गं मला! खोटं नको. एकदा फोटो काढून गेला की पुढच्या वर्षी पुन्हा ओलंच मीठ आणून ओतेल."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आत्ता त्या त्रेचाळीस जणांचं बघ."

गोम्सोवालीनं हातगाडी बाहेर काढली. मंगळवारी सकाळी दोघींनी हातगाडीवरून आठ पोती आणली. सुन्छांगवालीचे केस विस्कटले, धाप लागली, तरी 'मी अध्यक्ष आहे' म्हणाली नाही. साडेचारशे कोबी चिरले, पानापानांत मीठ घातलं, हौदांत रचले. दुपारी मेंग साहेब चक्कर मारायला आले. रिकामी पोती कोणाची हे त्यांनी पाहिलं की नाही देव जाणे. पण आनंदात होते.

"आजी, आता तुमची चिंताच मिटली! थाक साहेबांनी पाच वर्षांचं लिहून दिलंय. दर वर्षी चाळीस पोती. डबेसुद्धा तेच देणार, झाकणावर त्यांचा फोटो असलेले. तुम्हाला आता माहेराहून मीठ आणायला नको."

गोम्सोवाली हौदावर वाकलेली होती. तिचं मीठ संपलं होतं. घरामागे उरल्या होत्या नुसत्या विटा. आणि पुढची पाच वर्षं त्रेचाळीस रांजणांत हे पाणी गळणारं मीठ जाणार, झाकणावर हसरा चेहरा. नाव कोण ठेवणार? कोणीच नाही. सगळी म्हणणार, छान झालीय.

ती सरळ उभी राहिली आणि ओठ मिटून घेतले.

सुन्छांगवालीनं तिचा चेहरा पाहिला मात्र, हातातली सुरी हौदाच्या काठावर ठेवून दिली. "मेंग साहेब," ती पुटपुटली, "तुम्ही जा आता. कचेरीत काम असेल तुम्हाला."

गोम्सोवालीनं चार कोबी बाजूला काढले, चांगले घट्ट, आतून पिवळे. थाक साहेबांचं एक पोतं ओढलं. एका छोट्या टबात ते चार कोबी खारवले. मीठ तेवढंच, जेवढं बाकीच्यांना. वेळही तेवढाच. बुधवारी पहाटे सगळ्यांनी कोबी धुतले तेव्हा तिनं तेही तीनदाच धुतले, ना कमी ना जास्त. मसालाही तोच लावला: मिरचीपूड, लसूण, आलं, मुळ्याचा कीस, खारवलेला जवळा. आपण काही कडू घातलं असं उद्या कोणी म्हणायला नको.

अकराचा सत्कार. पाहुण्यांसाठी मांडव, गालिचा, पायाशी शेगडी. बायका बाहेर, ओल्या रबरी बुटांत, पहाटे चारपासून उभ्या. कढईत डुकराचं मटण शिजत होतं आणि त्याचा वास सगळ्यांच्या नाकात होता, पण दाता आल्याशिवाय कोणी खायचं नव्हतं. दाता पावणेबाराला आला. त्याला एप्रन घातला, लाल हातमोजे चढवले. एक थेंब मसाला नव्हता त्यांच्यावर. लग्नातल्या नवऱ्यासारखा दिसत होता.

भाषणं झाली. थाक साहेब म्हणाले, "माझी आई गरीब होती, पण तिच्या किमचीची चव मला अजून आठवते. तीच चव या माता-भगिनींच्या हातांना यावी म्हणून हे छोटंसं मीठ." छोट्याशा मिठाची चाळीस पोती पाठीमागे डोंगरासारखी रचलेली होती, आणि तळातून गळलेलं पाणी गालिच्याच्या कडेला येऊन पोचलं होतं. टाळ्या पडल्या. मोठं मखमली चौकटीतलं मानपत्र त्यांच्या हाती गेलं.

मग मेंग साहेबांनी कागद बघून पुकारलं, "तीस वर्षांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल, श्रीमती प्यो माल्ये!"

कोणी उठलं नाही.

"श्रीमती प्यो माल्ये!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "कोण गं ही?" "कचेरीतली असेल." "तीस वर्षं? मग आपल्याला कशी दिसली नाही कधी?" सुन्छांगवालीनं तर कौतुकानं टाळ्याच सुरू केल्या. आणि गोम्सोवाली? तीही मान उंचावून बघत होती, की कोण ही बाई, जिनं आपल्याइतकीच वर्षं राबून घेतलं. मेंग साहेब धावत आले आणि कुजबुजले, "आजी, तुम्हीच ना?"

मांडवात हसू फुटलं. थाक साहेबही मोठ्यानं हसले. गोम्सोवाली हसली नाही. कागद घेतला, वाकून नमस्कार केला आणि तिथेच उभी राहिली, कारण पत्रकार ओरडत होता, "आजी, आता साहेबांना एक घास भरवा! हातानं! इकडे बघून!"

हे तर दर वर्षी होतंच. नवी किमची घातली की घालणारीनं समोरच्याच्या तोंडात पहिला घास भरवायचा. भरवणाऱ्याचा हात आला की तोंड उघडायचं. नाही म्हणणं नाही, तोंड वाकडं करणं नाही. तिला हे माहीत होतं. चोल-गूलाही माहीत होतं. तो याच मातीतला.

तिनं छोटा टब पुढे ओढला. आतलं पिवळं पान काढलं, मसाला सारखा केला, गुंडाळी केली आणि त्यांच्या तोंडात घातली.

"हसा साहेब! आणखी थोडं!"

थाक साहेब हसत चावू लागले. आधी मिरची लागली, मग लसूण, मग जवळा. गिळलं. आणि मग मागून जे यायचं ते आलं. डोळ्यांजवळचं हसू जागच्या जागी थिजलं. ओठांवरचं मात्र तसंच राहिलं, कारण कॅमेरा ओठांवर होता.

"कसं लागलं?" तिनं विचारलं.

"छान! अगदी आईच्या हातचं."

"मग आणखी एक घ्या."

दुसरं पान. ते चावताना त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला.

"कसंय?"

"छान... छान आहे."

"घ्या अजून एक. लाजू नका."

तिसऱ्या घासाला त्यांनी तिचं मनगट धरलं आणि दात न उघडता म्हणाले, "काकू, काय घातलंय यात?"

"तुमचं मीठ."

हे ती इतकं मोठ्यानं बोलली की कढईजवळचीही माणसं वळली.

"तुमचं प्रेमाचं मीठ घातलंय, चोल-गू. तीन घास खाल्लेत तुम्ही, तिन्ही वेळा छान म्हणालात. का? कोणी भरवलं तर नाव ठेवता येत नाही म्हणून. हो ना? त्या त्रेचाळीस जणांनाही ठेवता येत नाही. तुम्हाला तीन घास; त्यांना एप्रिलपर्यंत, दोन्ही वेळेला! नाम्वॉनवाली म्हातारी एक अख्खा हिवाळा सोया सॉसशी भात खाऊन जगली आणि मला म्हणाली, छान झालीय. हे छान ऐकायला मी तीस वर्षं राबले नाही!"

"आजी, आजी," मेंग साहेब माइक शोधत होते.

"तुम्ही गप्प बसा! तेव्हा कोण बघायला जातंय म्हणता? मी जाते बघायला! झाकण मी उचलते!"

थाक साहेबांचा चेहरा हातमोज्यांसारखा लाल झाला. "मीठ चांगलं आहे! व्यापाऱ्यानं सांगितलंय मला. मी काय चाखून बघत बसू का?"

"तेच! तेच म्हणतेय मी!"

आता काय होतं आणि काय नाही, असा एक क्षण गेला. थाक साहेब म्हणणार होते की बाईचं वय झालंय. त्यांचं तोंड त्यासाठी उघडलंही होतं. पण त्याआधी सुन्छांगवाली पुढे आली. साहेबांपुढे मान हलवणारी ती सुन्छांगवाली! टबात हात घातला, मोठं पान काढलं, चावलं, थोडं गिळलं आणि उरलेला घास सगळ्यांदेखत तळहातावर थुंकून टाकला.

"कडू आहे हो!" ती मांडवाला म्हणाली. "कडूजहर! मी अध्यक्ष आहे, मलाही सांगता आलं असतं परवाच. नाही सांगितलं." आणि मेंग साहेबांकडे वळून, "त्रेचाळीस डबे आहेत ते वहिनीच्या मिठाचे आहेत. तेवढं लिहून घ्या त्या कागदावर."

थाक साहेब मटण न खाता गेले. पत्रकारानं दुसऱ्या दिवशी फोटो छापला तो पहिल्या घासाचा, हसरा. गोष्ट अशी तिथेच मिटायची. पण चार दिवसांनी त्यांचा ट्रक परत आला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी मीठ परत मागवलंय. पाच वर्षांचंही रद्द."

गोम्सोवाली पोत्यांवर चढून बसली. "दान दिलंय ना? त्याबद्दल मानपत्र घेतलंय ना? ते मखमलीतलं मानपत्र आधी परत आणायला सांग. मग पोती ने."

ड्रायव्हरनं फोन लावला. बराच वेळ 'हो साहेब, हो साहेब' चाललं. मानपत्र तोवर साहेबांच्या कार्यालयात, दारातून शिरताच दिसेल अशा भिंतीवर चढलेलं होतं, निवडणूक तोंडावर होती. ड्रायव्हरनं फोन खिशात टाकला आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

गोम्सोवाली आणि सुन्छांगवालीनं सभागृहामागे विटा मांडल्या, पोती रचली, खाली पराती लावल्या. पावसापासून झाकायला काही हवं होतं. तो पिवळाधमक फलक तिथेच पडला होता; मापाला अगदी बरोबर बसला. तीन पावसाळे थाक साहेबांचं नाव त्या मिठावर पालथं पडून राहिलं. मधल्या दोन हिवाळ्यांत गोम्सोवालीनं माहेरी भावाच्या दारात बसून मुरलेलं मीठ मागून आणलं, आणि त्याचाही राग तिनं भावजयीपासून बसवाल्यापर्यंत सगळ्यांवर काढला.

एक नवा नियम मात्र तिनं सुरू केला. जानेवारीत ती त्रेचाळीस घरांत जायची, झाकण उचलायची आणि दटावून सांगायची, "काय वाईट झालंय ते बोल. बोलल्याशिवाय मी उठणार नाही." पहिल्या वर्षी सगळ्यांनी छान म्हटलं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही. ती झाकण आदळून घरी यायची.

तिसऱ्या नोव्हेंबरात तिनं फलक बाजूला केला, मूठ भरून दाबली, सोडली. तळवा कोरडा. दोन खडे गिळून थांबली. मग सुन्छांगवालीला म्हणाली, "काढ पोती."

त्या जानेवारीत ती टेकडीवरच्या बे नावाच्या म्हाताऱ्याकडे गेली. नव्वदीचा, दात नसलेला, आयुष्यात कोणाला उलटून न बोललेला माणूस. तिनं दटावलं. त्यानं रांजणातली एक फोड चोखून पाहिली. मग घसा खाकरून म्हणाला, "मीठ बरं आहे. पण लसूण? लसणात एवढी कंजूषी का केलीस यंदा?"

"काय?" गोम्सोवाली ओरडली. "कंजूषी? अरे दात नसलेल्या शिंपल्या! चिखलात तोंड खुपसून बसलेल्या गोगलगाई! तुला कळतो का लसूण? पाच टोपल्या सोलल्यात मी, नखं गेली माझी!"

"चारच असतील," म्हातारा म्हणाला.

शेजारपाजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. ती अर्धा तास बोलत होती. टेकडी उतरतानाही बोलतच होती, खालच्या आळीपर्यंत ऐकू येत होतं. आणि घरी जाऊन तिनं पुढच्या नोव्हेंबरासाठी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं: लसूण, सहा टोपल्या.